राजकीय लेख लिहून पैसे मिळतात का?

राज्यशास्त्रात एम.ए. झालंय, नोकरी नाही, तर मराठीत राजकीय लेख लिहून फ्रीलान्स कमाई होईल का आणि सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. मी हेच काम करते. पैसे मिळतात, पण नुसत्या लेखांच्या मानधनावर घर चालत नाही. भाषांतर, संपादन असं काहीतरी जोडीला ठेवाच, कारण लेख छापून आला तरी मानधन हातात पडायला कित्येकदा महिने जातात.

नवख्या माणसाचं मत कुणी विकत घेत नाही. सत्ताधारी कसे चुकले, विरोधक कसे गळपटले, यावरचे लेख संपादकांकडे ढिगाने येतात. त्यांच्याकडे नसलेली माहिती तुमच्याकडे असेल, तर मात्र लेख नक्की वाचला जातो. ती मिळवायला ओळखी लागत नाहीत. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म २० मिळतो. कोणत्या मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली आणि 'नोटा'ला किती, हे त्यात ओळीने दिलेलं असतं. आपल्याकडे विधानसभेच्या मतदारसंघांच्या हद्दी २००९ पासून त्याच आहेत, त्यामुळे तुमच्याच मतदारसंघाच्या २०१९ आणि २०२४ च्या आकड्यांची तुलना करता येते. त्यात बहुधा केंद्राचा नुसता क्रमांक असतो आणि क्रमांक बदलतातही, म्हणून मतदान केंद्रांची यादी शेजारी उघडून गावांची नावं जुळवावी लागतात. काम किचकट आहे, पण साखर कारखान्याच्या पट्ट्यातली गावं एका बाजूला गेली आणि वरची कोरडवाहू गावं दुसऱ्या, असं काही त्यातून दिसलं की तुमचा लेख तयार झाला. मग त्या गावांत जाऊन चार माणसांशी बोला. आकडा का हलला, ते तिथेच कळतं.

संपादकांना आधी छोटी ईमेल करा: काय सापडलं, कशावरून, किती शब्दांत लिहाल. एकच लेख दोन ठिकाणी पाठवू नका. मानधनाचं आधीच विचारा, त्यात संकोच कसला? आणि सही करण्यापूर्वी करार नीट वाचा. स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. पुढे पुस्तक करायचं झालं तर हे फार उपयोगी पडतं.

खरा पैसा निवडणुकीच्या हंगामात असतो: उमेदवाराची भाषणं, कार्यअहवाल, सोशल मीडियाचा मजकूर. हे काम करायला माझी हरकत नाही. प्रचार हा प्रचार म्हणून समोर येतो, वाचणाऱ्याला तो कुणाचा आहे ते कळतं. ज्या मतदारसंघात असं काम घ्याल, तिथलं विश्लेषण मात्र त्या निवडणुकीत लिहू नका.

पण एक दिवस फोन येईल: "मॅडम, मजकूर तयार आहे, फक्त तुमच्या नावाने छापून यायला हवा." मला आलाय, आणि रक्कम माझ्या नेहमीच्या मानधनाच्या कितीतरी पट होती. तिथे सरळ नाही म्हणा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात 'पॅकेज'चा, म्हणजे पैसे घेऊन प्रचार बातमी म्हणून छापण्याचा, हा धंदा उघडा पडला. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं, आणि पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर अहवालही केला. बातमी समजून जाहिरात वाचलेल्या माणसाने आपलं मत त्यावर ठरवलेलं असतं, आणि त्या फसवणुकीत लिहिणाऱ्याचाही हात असतो. याचा मला आजही संताप येतो.

कुणावर आरोप करणारं वाक्य लिहिलंत, तर कागद हाताशी ठेवा. उमेदवाराच्या शपथपत्रातली मालमत्ता आणि गुन्हे जसेच्या तसे उतरवा, 'आरोपी' आणि 'दोषी' यांत गल्लत करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि फ्रीलान्सरच्या पाठीशी कंपनीचा वकील नसतो.

कुठे पाठवायचं? दैनिकांच्या रविवार पुरवण्या आहेत, 'साधना'सारखी साप्ताहिकं आहेत. मोठा रिपोर्ताज, म्हणजे प्रत्यक्ष फिरून लिहिलेला दीर्घ वृत्तांत, असेल तर दिवाळी अंक बघा, तेवढी पानं दुसरीकडे क्वचितच मिळतात. पण त्यांचे विषय पावसाळ्याच्या सुरुवातीलाच ठरायला लागतात, म्हणून संपादकांना मे-जूनमध्येच विचारून ठेवा.