आयोगाकडे जाण्याआधी मुदत पाहा

प्रश्न : मी अंधेरीतील एका खासगी कंपनीत नोकरी करते. विभागप्रमुख रात्री-अपरात्री अश्लील संदेश पाठवत. मी स्पष्ट नकार दिल्यावर वार्षिक मूल्यांकनात मला सर्वांत खालची श्रेणी मिळाली. शेवटचा संदेश १० आठवड्यांपूर्वीचा आहे. ‘ते माफी मागतील, विषय मिटवा,’ असे एचआर म्हणते. मानवी हक्क आयोगाकडे जाऊ का?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, परंतु आयोगाच्या उत्तराची वाट पाहण्यात हातची मुदत निघून जाईल, याची मला काळजी वाटते. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ नुसार आयोग मुख्यत्वे लोकसेवकाने केलेल्या हक्कभंगाची, किंवा तो रोखण्यात लोकसेवकाने केलेल्या हयगयीची चौकशी करतो आणि त्यानंतर शिफारशी करतो. खासगी कंपनीतील वरिष्ठाचे वर्तन त्यात सहसा बसत नाही. उद्या पोलिसांनीच आपली फिर्याद घेण्यास टाळाटाळ केली, तर मात्र त्या घटनेपासून १ वर्षाच्या आत आयोगाकडे जरूर जावे.

आपला खरा मार्ग म्हणजे महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. असा छळ म्हणजे स्त्रीच्या समानतेच्या हक्काचा भंग होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात सांगितले आणि या कायद्याच्या प्रस्तावनेतही तेच आहे. म्हणूनच खालावलेली श्रेणी हा वेगळा विषय मानू नका; नकारामुळे नोकरीत मिळालेली अहितकारक वागणूक म्हणून ती त्याच तक्रारीत लिहा.

तक्रार शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत द्यावी लागते. सबळ कारण असल्यास अंतर्गत समिती (अशा तक्रारींची चौकशी करणारी कंपनीतीलच समिती) आणखी ३ महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नका. मूल्यांकन नंतरचे असले तरी त्यावर वाद घातला जाईल, म्हणून मुदत शेवटच्या संदेशापासूनच मोजा. आपल्या हाती जेमतेम ३ आठवडे आहेत. लेखी तक्रारीच्या ६ प्रती, संदेशांच्या छापील प्रती आणि साक्षीदारांची नावे-पत्ते अंतर्गत समितीकडे देऊन पोच घ्या. कंपनीत समितीच नसेल, तर समिती नसल्याची लेखी नोंद ठेवून मुंबई उपनगर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

तक्रारीबरोबरच अंतरिम अर्जही द्या. चौकशी चालू असताना त्या गृहस्थांनी आपले मूल्यांकन करू नये, अशी शिफारस समितीला करता येते. आपल्या बाबतीत हीच मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. तडजोड आपण स्वतः मागितली तरच होऊ शकते, त्यामुळे एचआरच्या प्रस्तावाला होकार देण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नाही. चौकशी संपेपर्यंत मूळ संदेश फोनमधून पुसू नका.