वडिलांची स्मरणशक्तीची चाचणी नॉर्मल आली, पण अपघातानंतर ते पहिल्यासारखे राहिले नाहीत. हा आजार आहे की हट्ट?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी हा हट्ट वाटत नाही. दीड वर्षापूर्वी बाबा स्कूटरवरून पडले, एमआरआयमध्ये कपाळामागच्या भागाला इजा दिसली. हातपाय उत्तम चालतात, चाचणीत ३० पैकी २८ मार्क. आणि घरी मात्र दहादा सांगितल्याशिवाय अंघोळीला उठत नाहीत, फोनवर कोणी गोड बोललं की पैसे पाठवून मोकळे होतात, आईवर खेकसतात. मी ठाण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-अपघातानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते. असा चांगला रिपोर्ट हातात घेऊन गोंधळलेली घरं मला नेहमी भेटतात.

ती ३० मार्कांची चाचणी बहुतेक एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) असावी, १९७५ सालची. आज तारीख काय, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा. अल्झायमरची शंका असेल तर ती कामाची आहे, कारण तिथे बहुतेकदा नवीन गोष्टी लक्षात राहणं आधी घसरतं. पण या चाचणीत प्रत्येक प्रश्न समोरचा माणूस विचारतो. सुरुवात त्याची, क्रम त्याचा, थांबायचं कधी हेही तोच सांगतो. बाबांचं बिघडलंय ते नेमकं तेच: आपणहून सुरू करणं, टप्पे लावणं, उर्मी आवरणं. तपासणाऱ्याने तेवढ्या वेळापुरतं ते काम त्यांच्या वतीने करून टाकलं.

कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो. डोकं आपटलं की मेंदू आत सरकतो आणि त्या हाडाच्या कडांवर घासतो, म्हणून मार मागे बसला तरी इजा बऱ्याचदा कपाळामागे आणि कानशिलापाशी होते. हातपाय हलवणारा पट्टा त्याच्या मागे आहे, तो वाचला की माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. डोळ्यांच्या खोबणीवर टेकलेला भाग दुखावला तर आवर सुटतो. दोन अर्धगोलांमधला पुढचा भाग दुखावला तर माणूस नुसता बसून राहतो. एकाच माणसात दोन्ही दिसू शकतं, आणि घरच्यांना ते फार कोड्यात टाकतं.

शॅलिस आणि बर्जेस या दोघा मेंदू-मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये अशाच रुग्णांना बाजारात कामाला पाठवून पाहिलं. बुद्ध्यंक चांगला, पण साध्या खरेदीत घोटाळे. मी तसंच इथे जांभळी नाक्याच्या बाजारात करते. एका निवृत्त हिशेबनिसांना काम दिलं होतं: कोथिंबिरीची जुडी, घड्याळाचा सेल, उदबत्तीचा पुडा, आणि साडेपाचला तलावपाळीवर मला भेटायचं. शंभर रुपयांच्या वर खर्च नाही. मी मागून चालत होते. कोथिंबीर घेतली, शेजारी तोंडली ताजी दिसली म्हणून दोन किलो तोंडली घेतली आणि तिथेच पैसे संपले. यादी शर्टाच्या खिशात होती, एकदाही बाहेर निघाली नाही. विचारलं तर तिन्ही वस्तू, वेळ, शंभराची अट, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं! माहीत होतं. त्या क्षणी त्यांना ते वापरता आलं नाही. तुमच्या आईला हे जरूर सांगा, कारण 'कळतंय तरी मुद्दाम करतात' हेच तिला जास्त लागत असणार.

पूर्वीच्या व्याख्येत स्मरणशक्ती घसरल्याशिवाय डिमेन्शिया (बुद्धी ढासळण्याचा आजार) म्हणत नसत. मानसिक आजारांचं निदान कसं करायचं हे सांगणाऱ्या अमेरिकी पुस्तकाच्या २०१३ च्या आवृत्तीत, डीएसएम-५ मध्ये, न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर (मेंदूच्या आकलनशक्तीतला बिघाड) हे नाव आलं आणि ती अट गेली. लक्ष, नियोजन, भाषा, समाजातलं वागणं, यातलं एखादं जरी पूर्वीपेक्षा घसरलं असेल तरी चालतं. रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागत असेल तर तीव्र, नाहीतर सौम्य. तेव्हा न्यूरोलॉजिस्टना सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणीबद्दल (लक्ष, नियोजन, वागणं असं सगळं वेगवेगळं तपासणारी) विचारा, आणि घरी काय घडतं ते प्रसंगासह लिहून न्या. बाबा स्वतः 'मला काही झालेलं नाही' म्हणतील. आपल्यातला बदल न जाणवणं हासुद्धा या इजेचाच भाग असू शकतो. नैराश्यही तपासून घ्या, तेही असंच बसवून ठेवतं आणि त्यावर उपचार आहेत.

घरात आजपासून एवढं करा. 'बाबा, अंघोळ करताय ना?' असं विचारू नका, उत्तर 'नंतर' हेच येणार. बादली भरा, टॉवेल हातात द्या, 'पाणी काढलंय, चला' म्हणा. वेळ रोज तीच. एका वेळी एकच सूचना. यूपीआयची मर्यादा अगदी कमी करून घ्या, मोठी रक्कम दोघांच्या सहीच्या खात्यात ठेवा. उपदेश करून हे थांबणार नाही, व्यवस्था बदलून बरंच थांबतं. डॉक्टरांनी सांगेपर्यंत स्कूटर नाही, यावर मात्र वाद घालावा लागला तरी घाला.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते, नंतर हळू, पण पुढेही होत राहते. अशी इजा सहसा अल्झायमरसारखी दर महिन्याला वाढत जात नाही. म्हणून बाबा उलट खालावत असतील तर 'अपघातामुळेच' म्हणून सोडून देऊ नका, दुसरं कारण शोधायला सांगा. ते पुन्हा कधी पडले आणि त्यानंतर काही आठवड्यांतही डोकं दुखू लागलं, झोप वाढली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर कवटीखाली हळूहळू रक्त साचत असू शकतं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. तेव्हा अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी इस्पितळात नेऊन सीटी स्कॅन करून घ्या.