मुलाने घरी का सांगितले नाही, याचा विचार आधी करावा

ताई, तुमच्या लिहिण्यातून मला समजलेली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तासगाव तालुक्यातल्या, मुलगा नववीत, वय १५. द्राक्षबागेच्या बांधावरून तुमचे यजमान आणि धाकटे दीर यांच्यात वाद चालू आहे आणि त्यातून अंगणात, मुलांच्या देखत, हातघाई झालेली आहे. गेल्या महिन्यात शाळेबाहेर काही मुलांनी एका मुलाला पट्ट्याने मारले. तुमच्या मुलाने ते पाहिले, त्याचा व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये होता, पण घरी त्याने चकार शब्द काढला नाही. तुम्हाला ते दुसऱ्या पालकांकडून कळले. फोन काढून घ्यावा आणि पोराला वसतिगृहात ठेवावे असे यजमानांचे म्हणणे आहे, आणि ते बरोबर आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत बरीच वर्षे शिकवले आणि अशा प्रसंगी पालकांशी बोलण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येई. त्या अनुभवावरून आणि या विषयावर जे वाचत आलो त्यावरून सांगतो की फोन आणि वसतिगृह हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. एवढी मोठी गोष्ट पाहूनही मुलाला ती घरी सांगाविशी वाटली नाही, हे तुमच्या हकिकतीतले सर्वांत गंभीर वाक्य आहे.

मुलांवर लक्ष ठेवावे, हा सल्ला आपण सगळेच देतो. स्वीडनमधील स्टॅटिन आणि कर या दोन संशोधकांनी १४ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून २००० साली एक निष्कर्ष मांडला, जो मला आजही महत्त्वाचा वाटतो. आईबापांना मुलाच्या बाहेरच्या जगाबद्दल जे माहीत असते, त्यातले बहुतेक मुलाने आपण होऊन सांगितलेले असते. प्रश्नांच्या सरबत्तीतून किंवा कडक बंधनांतून त्यामानाने फार थोडे हाती लागते. ज्या घरांत पालकांना अधिक माहीत होते त्या घरांतली मुले वाईट मार्गाला कमी लागलेली दिसली, पण ते माहीत असण्यामागे पाळत नव्हती, मुलाचे बोलणे होते. म्हणजे फोन काढून घेतल्याने तुमच्या हाती यंत्र येईल. मुलाला काय दिसते आणि काय वाटते, ते येणार नाही.

आता आपल्याकडची मुले का सांगत नाहीत, याकडे वळतो. भीती हे एक कारण झाले, पण भावकीत तेढ असलेल्या घरांमध्ये मला वेगळेच कारण वारंवार दिसले. अशा घरात सांगितलेली कोणतीही गोष्ट नुसती गोष्ट राहत नाही, तिचे हत्यार होते. मुलाने सांगितले की अमक्याने तमक्याला मारले, तर वडील विचारणार, "तो कुणाचा पोरगा? त्याचा बाप चुलत्याच्या बाजूचा ना?" आणि रात्री आठ वाजता मोटरसायकल बाहेर निघणार. पोराला हे पुरते ठाऊक असते. तो गप्प राहतो तेव्हा पुष्कळदा स्वतःला वाचवत नसतो. वडिलांना, त्या दुसऱ्या मुलाला आणि आपल्या चुलत भावालाही वाचवत असतो. तुमच्या दिरांचा मुलगा त्याच शाळेत आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण असेल तर मोठ्यांचा बांध मुलांच्या बाकापर्यंत पोचलेला आहे असे धरून चाला. दुसरे कारण साधे आहे. मार खाऊन किंवा मार पाहून घाबरलेल्या मुलाला "तू काय बांगड्या भरल्या होत्यास?" असे एकदा ऐकावे लागले की पुढच्या वेळी तो तालमीतल्या मित्रांना सांगतो, नाहीतर कुणालाच सांगत नाही.

तो "निवांत आहे, त्याला काही वाटलेले दिसत नाही" असे तुम्ही लिहिले आहे. त्यावर विसंबू नका. वारंवार हिंसा पाहणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये दुःख आणि भीती वरून कमी दिसू लागतात, आणि त्याच वेळी मारामारीबद्दलची त्यांची अढी सैल होत जाते, असे अभ्यासांत आढळलेले आहे. पट्ट्याचा व्हिडिओ शांतपणे पाहणारा मुलगा धीट असेलच असे नाही. त्याची झोप, अभ्यास, जेवण आणि लहान बहिणीशी वागणे यांत काय बदलले आहे, ते चेहऱ्यापेक्षा अधिक खरे सांगेल.

बापासारखाच होईल की काय, ही तुमची भीती मी समजू शकतो, परंतु ती विधिलिखित मानू नका. अमेरिकेत कॅथी विडम या संशोधिकेने बालपणी छळ किंवा दुर्लक्ष सोसलेल्या ९०८ मुलांची तुलना तशाच घरच्या परिस्थितीतल्या, पण असे काही न सोसलेल्या इतर मुलांशी केली. १९८९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार छळ सोसलेल्यांपैकी २६ टक्के मुलांना अल्पवयात अटक झाली होती, तर इतरांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. धोका वाढतो, हे खरे. पण चारांतल्या जवळजवळ तिघांच्या बाबतीत तसे घडले नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितले.

घरातल्या भांडणाविषयी मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांच्या प्रयोगांतून एक गोष्ट समोर आली, आणि ती तुम्हाला आजपासून वापरता येईल. मुलांना भांडणाइतकाच त्याच्या शेवटाचा त्रास होतो. मोठ्यांचे भांडण मिटलेले मुलांनी पाहिले, किंवा बंद दाराआड का होईना ते मिटले आहे असे त्यांना नीट कळले, तर त्यांची अस्वस्थता बरीच उतरते. अर्धवट राहिलेले, अबोल्यात गेलेले भांडण त्यांना जास्त पोखरते. आपल्या घरांत भांडण अंगणात होते आणि समेट माजघरात, तोही मुले झोपल्यावर. तेव्हा काही मिटले असेल तर मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा, आणि मिटलेले नसेल तर मिटल्याचे सोंग करू नका, कारण पंधरा वर्षांच्या मुलाला ते लगेच कळते.

बांधाचा वाद अंगणातून उचलून कागदावर नेणे, हाही मुलासाठीचाच उपाय आहे. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, दिरांना रीतसर नोटीस जाऊ द्या आणि हद्द त्यांच्या समक्ष कायम होऊ द्या. गावात २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेची समिती अजून नावापुरती तरी असेल. काही गावांत ती उत्तम चालली, काही गावांत फलकापुरती राहिली, तेव्हा तुमच्या गावातली माणसे पाहून ठरवा. तोपर्यंत एक नियम मात्र यजमानांकडून कबूल करून घ्या: मुलाला निरोप्या करायचे नाही, साक्षीदार करायचे नाही आणि "चुलत्याकडे कोण आले होते?" असे विचारायचे नाही.

तुम्ही एका ओळीत "कधीकधी माझ्यावरही हात उठतो" असे लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. तुम्ही एकट्या नाही, आणि हे "कधीकधी" मुलाने पाहिलेल्या शाळेबाहेरच्या प्रसंगापेक्षा त्याच्यावर अधिक खोल उमटत असणार. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते, आणि ते तुमच्या वतीने माहेरचे कुणीही कळवू शकते. न्यायालयाकडे अर्ज गेल्यावर पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, हे मी लपवत नाही. १८१ ही महिलांची आणि ११२ ही तातडीची मदतवाहिनी आहे. मुलगा मध्ये पडू लागला असेल, वडिलांचा हात धरू लागला असेल, तर अजिबात थांबू नका. अशा घरांत पुढची इजा अनेकदा त्या मुलाला होते किंवा त्याच्या हातून होते.

बागायतदारांच्या घरी मी हटकून एक गोष्ट विचारतो: फवारणीची औषधे कुठे ठेवता? ती आजच कुलपात जाऊ द्या आणि किल्ली मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. "मी नसतो तर बरे झाले असते" अशा अर्थाचे काही तो बोलला, दप्तरात चाकू किंवा साखळी सापडली, रात्र रात्र जागू लागला किंवा शाळेला जायचेच टाळू लागला, तर सांगली किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीवर, मराठीत बोलता येते आणि मुलांसाठी १०९८ आहे.

त्याच्याशी बोलायचे कसे, याबद्दल थोडेसे. समोर बसवून चौकशी करू नका. तासगावच्या बाजारात जाताना त्याला गाडीवर मागे बसवून किंवा बागेत काडी वेचताना बोला, कारण या वयाच्या मुलांना नजरेला नजर न देता बोलणे सोपे जाते. पहिले वाक्य असे असावे: "जे पाहिलेस ते मला कळले आहे. तू सांगशील ते तुला विचारल्याशिवाय मी पप्पांना सांगणार नाही. फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल तर सांगावे लागेल." हा शब्द दिलात तर पाळा. त्याला तुमच्याशी बोलायचे नसेल तर मामाशी बोलू द्या. आजोळ त्या भांडणाच्या बाहेर असते, हा त्याचा मोठा गुण आहे.

तो व्हिडिओ कुणालाही पुढे पाठवू नका, त्यात अल्पवयीन मुले आहेत. लगेच पुसूनही टाकू नका. मुख्याध्यापकांना भेटून दाखवा, मार खाल्लेल्या मुलाच्या पालकांना तक्रारीसाठी तो लागू शकतो. फोनवर बंधन घालायचेच तर रात्री सगळ्यांचे फोन एकाच फळीवर ठेवा, यजमानांचाही. कोयते नाचवणारे रील्स आणि तलवारीने केक कापण्याचे प्रकार यांबद्दल त्याला सरळ माहिती द्या: शस्त्र अधिनियमाखाली असे गुन्हे दाखल होतात, आणि १६ वर्षे पूर्ण झाल्यावर अतिगंभीर गुन्हा घडल्यास बाल न्याय मंडळ त्याचे प्रकरण प्रौढांप्रमाणे चालवण्यासाठी पाठवू शकते. त्याला सोळा पूर्ण व्हायला फार अवकाश नाही.

राहिले वसतिगृह. आत्ता पाठवले तर भांडण मोठ्यांनी केले आणि घराबाहेर मी गेलो, असाच अर्थ तो लावील, आणि तुमच्यावर हात उठतो हे माहीत असताना दूर राहून तो अधिकच घोर लावून घेईल. घरात राहणे खरोखर धोक्याचे झाले तर तुम्ही, मुलाने आणि धाकटीनेही मिळून तुमच्या माहेरी जावे. एकट्या मुलाला हलवू नये. दहावीनंतर त्याला स्वतःला सांगलीला किंवा कराडला शिकायला जायचे असेल, तर ती गोष्ट निराळी, आणि ती त्यानेच काढू द्या.