माळ घालण्याआधी भरती

प्रश्न: माझे मिस्टर (वय 46) रोज देशीच्या तीन क्वार्टर पितात. मागच्या श्रावणात एकदम बंद केली, तर दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणून ते ओरडू लागले. घाबरून आम्हीच दारू आणून दिली. आता आषाढीला माळ घालतो म्हणतात. घरी सलाईन लावून भागेल का? चहातून द्यायची पावडरही एकाने सांगितली आहे.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, माळ जरूर घालू द्या, पण आधी दवाखान्यात भरती करा. एकदा भास झालेल्या माणसाला पुढच्या वेळी त्याहून जास्त त्रास होऊ शकतो. भरतीच्या दिवसापर्यंत दारू एकदम तोडू नका.

दारू मेंदूला रोज सुस्त करते, म्हणून मेंदू स्वतःला सतत चेतवून ठेवतो. दारू अचानक थांबली की ती चेतना आवरत नाही. 6 ते 12 तासांत थरथर, घाम, मळमळ. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, धडधड. ही अवस्था उपचारांविना जिवावर बेतते.

दवाखान्यात डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही मेंदू शांत करणारी औषधे देऊन डोस रोज उतरवतात, बहुधा 5 ते 10 दिवसांत थांबवतात. यकृत बिघडलेले असेल तर लोराझेपाम, म्हणून आधी रक्ततपासणी. या गोळ्या परस्पर आणून देऊ नका. त्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो.

सलाईनचे म्हणाल, तर त्यातल्या ग्लुकोजला बी-1 जीवनसत्त्व लागते आणि पिणाऱ्याच्या अंगात तेच कमी असते. नुसते ग्लुकोज चढवले तर तोल जातो, नजर बिघडते, स्मृती कायमची जाऊ शकते. थायमिनचे, म्हणजे याच बी-1चे, इंजेक्शन आधी दिले का, हे बेधडक विचारा.

पावडर मुळीच नको. तीत डायसल्फिरम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध असू शकते. नकळत दिलेल्या औषधावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळतो. डॉक्टरही ते रुग्णाच्या संमतीनेच देतात, तेही दारू थांबून किमान 12 तास झाल्यावर.

इतके करून फक्त शरीर सावरते, ओढ राहतेच. त्यासाठी समुपदेशन, ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) सभा किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारखे व्यसनमुक्ती केंद्र डिस्चार्जआधीच ठरवा. सल्ल्यासाठी 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

मध्येच फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, लगेच 108 ला फोन करा.