नववीला गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. बी.एस्सी., बी.एड. म्हटल्यावर नववीचं गणित आणि विज्ञान दोन्ही गळ्यात पडणार हे ठरलेलंच. त्याचा फायदा करून घे, पण सगळंच एकत्र करण्याच्या भानगडीत पडू नकोस. विज्ञानातल्या ऊती आणि गणितातले संच ओढूनताणून जुळवले की दोन्हींचं हसं होतं. जिथे मोजमाप आणि आलेख येतो, तिथेच विषय जोड.

आधी वार्षिक नियोजन बघ. बालभारतीच्या 2017 च्या पुस्तकांत विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. त्यात वेग-काल आलेख आहे आणि आलेखाखालच्या क्षेत्रफळावरून अंतर काढायचं आहे. गणित भाग 2 मधली निर्देशक भूमिती मात्र सातव्या प्रकरणात. मग मुलं आलेख फळ्यावरून नुसता उतरवून घेतात. अक्ष, निर्देशक, बिंदू स्थापन एवढा भाग जूनमध्येच उरक.

खरी मेजवानी विज्ञानाच्या ‘धाराविद्युत’ धड्यात आहे. तारेतली धारा (I), तिच्या टोकांमधलं विभवांतर म्हणजे व्होल्टेज (V) आणि तारेचा धारेला होणारा विरोध म्हणजे रोध (R), यांचं V = IR हे नातं प्रयोग करून आलेखावर बघायचं. त्यासाठी जोडतासिका मागून घे. 28 गेज जाडीची उघडी नायक्रोम (निकेल-क्रोमिअमची) तार 2 मीटर घे. मीटरला साधारण 10 ओहम, म्हणजे रोध 20 च्या आसपास. ती लाकडी पट्टीवर गुंडाळ, पण वेढे एकमेकांना चिकटू देऊ नकोस, नाहीतर रोध कमी भरतो आणि कारण कुणालाच कळत नाही. 1.5 व्होल्टचे चार सेल, 500 मिलिअँपिअरचा अ‍ॅमीटर एकसरीत म्हणजे तारेच्याच मार्गात, व्होल्टमीटर तारेला समांतर. एकेक सेल वाढवत चार वाचनं घ्यायची, आणि वाचन घेण्यापुरतीच कळ दाबायची.

पोरं व्होल्टमीटरकडे न बघताच 1.5, 3.0, 4.5, 6.0 लिहून मोकळी होतात. काटा 1.4 किंवा 5.6 दाखवत असतो, कारण सेललाही स्वतःचा रोध असतो. जे दिसलं तेच लिहायला लाव. धारा 70, 140, 200, 280 मिलिअँपिअर अशी येईल. तिसरं वाचन रेषेवर बसत नाही म्हणून कुणी खोडून 210 करत असेल, तर तिथेच थांबव. गणिताच्या वहीत बिंदू रेषेवरच पडतात, इथे ते रेषेच्या आजूबाजूला पडतात, आणि हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. बिंदू जोडत नागमोडी जायचं नाही. सगळ्यांच्या मधून एक सरळ रेषा काढायची. चढासाठी (रेषा किती तिरकी आहे ते, इथे तोच रोध) त्या रेषेवरचेच दोन लांबचे बिंदू घ्यायचे, तक्त्यातली वाचनं नाहीत.

धारा X अक्षावर, विभवांतर Y अक्षावर. उलट घेतलं तर चढ म्हणून रोधाचा व्यस्त हाती येतो. 20 ऐवजी 0.02 आलं, तर मिलिअँपिअरचे अँपिअर करायचे राहिलेत. प्रमाण 1 सेमीला 1, 2 किंवा 5 च्या पटीत ठेव. 3 घेतलं की बारीक घरं मोजताना घोळ होतोच.

दुसऱ्या तासिकेला एकच सेल ठेवून तारेची लांबी 200, 150, 100, 50 सेमी कर. लांबी आणि धारा यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर राहतो: आठवीतलं व्यस्तचलन. 50 सेमीला गुणाकार थोडा घसरेल. पुन्हा सेलचाच रोध. चार सेल ठेवून लांबी कमी करू नकोस, अ‍ॅमीटरचा काटा पार टोकाला जाईल.

V, I, R त्रिकोणात लिहून हवं ते अक्षर झाकायची ती युक्ती मात्र शिकवू नकोस. 3x = 12 सोडवणारं मूल V = IR मधून R काढताना अडतं ते अक्षरं बदलल्यामुळे. त्रिकोणाने ही अडचण नुसती झाकली जाते. दोन्ही समीकरणं फळ्यावर शेजारी लिही आणि पायरीला पायरी लावून सोडव.

उत्तरपत्रिका तपासताना दोन्ही विषयांत एकच नियम ठेव: एकक नाही तर अर्धा गुण गेला. आणि 19.8571 ओहम लिहिणाऱ्याला विचार, दोन अंकी वाचनांतून एवढे अंक आले कुठून?

वेळ उरला तर तारेच्या जागी 6 व्होल्टचा, 300 मिलिअँपिअरच्या आतला छोटा बल्ब लाव. आलेख वर वळेल, कारण तापल्यावर फिलामेंटचा रोध वाढतो. का वळला ते लगेच सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी उत्तरं घेऊन येऊ देत.

कळावे.