‘द डिपार्टेड’ला ऑस्कर जरा जास्तच मिळाली का?

प्रश्न : ‘द डिपार्टेड’ (२००६) हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’वर (२००२) बेतलेला. मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कशासाठी? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : रीमेक असणं नियमात आडवं येत नाही, पटकथेचं ऑस्करही रूपांतरित गटातच मिळालं. चार पुरस्कारांत सर्वांत रास्त संकलनाचा. पोलिसांतला गुंडांचा माणूस आणि गुंडांतला पोलीस, दोघांचे प्रसंग संकलक थेल्मा स्कूनमेकर असे आलटूनपालटून जोडतात की प्रेक्षकाला त्या दोघांहून कायम थोडं जास्त ठाऊक असतं. ताण तिथूनच येतो. गुंडांच्या म्होरक्याच्या भूमिकेतल्या जॅक निकोल्सनला दिलेल्या मोकळीकीने मात्र तो सैलावतो. मूळ चित्रपट पावणेदोन तासांच्या आत आटोपतो, हा अडीच तास चालतो. मार्टिन स्कॉर्सेसींना दिग्दर्शनाचं ऑस्कर? ती त्यांच्याच ‘गुडफेलाज’ची (१९९०) थकबाकी, तेव्हा ते हुकलं होतं. जमल्यास आधी मूळ पाहा.