झाडूची पाटी आणि आपली गाडी : न्यू यॉर्कमधील रस्तासफाईच्या वेळचे पार्किंगचे नियम

प्रश्न : मी क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स येथे राहतो. २०२२ च्या आरंभी आईच्या आजारपणामुळे नाशिकला गेलो आणि बराच काळ तिथेच राहून आता परत आलो आहे. जाण्यापूर्वीचा नियम असा होता की रस्त्याकडेच्या, झाडूचे चित्र असलेल्या पाटीवर सफाईचे दोन वार लिहिलेले असले तरी गाडी त्यांपैकी शेवटच्या वारीच हलवायची. त्याप्रमाणे सोमवारी गाडी जागेवरच ठेवली, तर काचेवर ६५ डॉलरच्या दंडाची पावती लावलेली आढळली. ही पावती योग्य आहे का?

उत्तर : होय, योग्य आहे. आपण सांगता तो नियम जून २०२० मध्ये, कोविडच्या काळात, महापौर बिल डी ब्लासिओ यांनी निवासी रस्त्यांसाठी आणला होता. त्यानंतरचे महापौर एरिक ॲडम्स यांनी ती सवलत मागे घेतली आणि ५ जुलै २०२२ पासून शहरभर पूर्वीचीच पद्धत सुरू झाली. म्हणजे पाटीवर सोमवार आणि गुरुवार असे दोन वार असतील, तर त्या दोन्ही दिवशी, दिलेल्या वेळेत, ती बाजू मोकळी असली पाहिजे. आपण परदेशी असताना हा बदल झाल्याने तो आपल्या कानावर आला नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु खांबावरील पाट्या २०२० मध्येही बदललेल्या नव्हत्या, आणि आज पाटीवर जे लिहिले आहे तेच लागू आहे.

हा बदल का करावा लागला, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण अनेकांना हा केवळ दंडवसुलीचा खटाटोप वाटतो. आळीपाळीने रस्त्याची एकेक बाजू मोकळी ठेवण्याची ही पद्धत १९५० साली मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात सुरू झाली, ती यांत्रिक झाडूसाठी. या गाडीचा गोल फिरणारा ब्रश पदपथाच्या कडेला अगदी चिकटून चालतो, कारण कागद, पाने, बाटल्या आणि माती त्या कडेलाच साठते. कडेला एकच गाडी उभी राहिली तरी झाडूगाडीला वळसा घालून बाहेर यावे लागते आणि पुन्हा कडेला लागावे लागते. त्यामुळे त्या गाडीखालचाच नव्हे, तर तिच्या मागचा आणि पुढचाही काही फूट कचरा जागेवर राहतो. आठवड्यातून एकदाच सफाई व्हायची आणि त्या दिवशी एखाद्याने गाडी हलवली नाही, तर तो तुकडा पुढचा आठवडाभर तसाच. पाऊस आला की हा कचरा वाहत जाऊन पाणी निचरणाऱ्या जाळ्यांवर बसतो. सप्टेंबर २०२१ च्या अतिवृष्टीत क्वीन्समधील तळघरांत पाणी शिरून माणसे दगावली. त्या दिवशीचा पाऊस कोणत्याही गटाराला पेलणारा नव्हता, हे खरे आहे. तरीही आपल्या दारासमोरची जाळी मोकळी असणे किती मोलाचे आहे, हे क्वीन्सकरांना वेगळे सांगायला नको. आठवड्यातून दोनदा गाडी हलवणे हा नोकरदारांना खरोखरच त्रास आहे. तो मान्य करूनही, सवलत मागे घेतली हे योग्य झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सफाईच्या वेळेत आमच्या गल्लीतील सर्व जण समोरच्या बाजूला दुहेरी रांगेत गाड्या लावतात. हे नियमात बसते का? झाडूगाडी येऊन गेल्यावर वेळ संपण्यापूर्वी परत जागा घेतली तर चालते का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. दुहेरी रांगेत गाडी लावणे सफाईच्या वेळेतही बेकायदेशीरच आहे. अनेक गल्ल्यांत त्याकडे कानाडोळा होतो, पण कानाडोळा म्हणजे परवानगी नव्हे, आणि आतल्या रांगेतील एखाद्याला तातडीने रुग्णालयात जायचे असेल तर त्याची वाट आपण अडवलेली असते. झाडूगाडी गेली तरी पाटीवरील वेळ पूर्ण होईपर्यंत बंदी कायम असते. प्रारंभाला मात्र कायद्याने पाच मिनिटांची मुभा दिली आहे : बंदी साडेअकराला सुरू होत असेल, तर ११ वाजून ३५ मिनिटांपूर्वी पावती देता येत नाही. पूर्वी गाडी न हलवणाऱ्यांच्या काचेवर सॅनिटेशन विभाग झगझगीत रंगाचे, खरवडूनही न निघणारे स्टिकर चिकटवीत असे. ती प्रथा सिटी कौन्सिलने २०१२ मध्ये बंद केली.

प्रश्न : दिवाळीत गाडी हलवावी लागत नाही, असे ऐकले. गणेश चतुर्थीला फ्लशिंगच्या मंदिरात जाताना हीच सूट मिळेल का?

उत्तर : दिवाळीबद्दल आपण ऐकले ते बरोबर आहे. ही सूट २००५ मध्ये मिळाली. तत्कालीन महापौर ब्लूमबर्ग यांनी नकाराधिकार वापरूनही सिटी कौन्सिलने ती मंजूर करून घेतली, यात येथील भारतीय समाजाच्या पाठपुराव्याचा मोठा वाटा आहे. मात्र ती एकाच दिवसाची असते. पाडवा, भाऊबीज या दिवशी नेहमीचे नियम चालू असतात, त्यामुळे शहराच्या वार्षिक वेळापत्रकातील तारीख पाहूनच निर्धास्त व्हावे. गणेश चतुर्थी त्या यादीत नाही. बाऊन स्ट्रीटवरील गणेश मंदिराच्या आसपास त्या दिवशी जागेची टंचाई असतेच, तेव्हा शक्य असल्यास सबवे व बसने जावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सूट असते ती फक्त सफाईच्या पाटीपुरती. दिवाळीच्या दिवशीही पार्किंग मीटरचे पैसे भरावे लागतात, आणि अग्निशमनाचा नळ, बसथांबा किंवा गाडी थांबवण्यास पूर्ण मनाई असलेली जागा यांचे नियम तसेच राहतात. बर्फवृष्टीमुळे सफाई अचानक रद्द होते, त्याची खातरजमा शहराच्या ३११ या माहिती क्रमांकावर करता येते.

प्रश्न : माझी गाडी जिथे होती तिथे जवळपास एकही पाटी नव्हती. दंडाविरुद्ध दाद मागता येईल का?

उत्तर : दाद मागता येईल, पण आधी चौकापासून चौकापर्यंत त्या बाजूचा संपूर्ण पदपथ चालून पाहावा. नियमानुसार त्या टप्प्यात कोठेही एक पाटी असली तरी ती पुरेशी सूचना मानली जाते. केवळ गाडीजवळच्या खांबावर पाटी नाही, हे कारण टिकत नाही. सबंध टप्प्यात पाटी नसेल किंवा ती वाचता येत नसेल, तर दोन्ही चौक दिसतील अशी छायाचित्रे लगेच काढून ३० दिवसांच्या आत हरकत नोंदवावी. काहीच न करता मुदत उलटू देणे सर्वांत वाईट : आधी १० डॉलरचा अधिभार लागतो, तो पुढे वाढत जातो, आणि निर्णय लागलेली थकबाकी ३५० डॉलरच्या वर गेली की गाडीच्या चाकाला कुलूप लागू शकते किंवा ती उचलून नेली जाऊ शकते.